तुम्ही विचारलंत म्हणून: फियाटीला कुठला स्पार्क प्लग घातलाय?

बेळगावात टिळकवाडीत गाडी उभी केली की कोण ना कोण विचारतंयच, "अण्णा, इंजिनाचं एवढं काम केलंय म्हणताय, मग प्लग कुठला घातला? इरिडियमच्या टोकाचा घालू काय मी पण?" दर वेळी रस्त्यात उभं राहून सांगता येत नाही, म्हणून एकदा सगळं लिहितोय.

माझी फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, 1981 ची, 1089 सीसी. उद्यमबागेतल्या वर्कशॉपात हेड फेसिंग (इंजिनाचं हेड घासून सपाट) करून घेतलं त्यामुळं कॉम्प्रेशन थोडं वाढलं, एक्झॉस्ट मोकळा केला, पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे जुने संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, बस्स. पिस्टन, कॅम सगळं कंपनीचंच. एवढ्याशा कामाला प्लग बदलावाच लागतो असं काही नाही की. प्लगनं ताकद वाढत नाही, इंजिनात जेवढी उष्णता होते तेवढी त्याला झेपली पाहिजे, एवढंच. टोक साधारण 450 डिग्रीच्या खाली राहिलं तर कार्बन जळत नाही, काजळी धरते, आणि 800 च्या वर गेलं तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टनचं वाटोळं होतं.

मी पण आधी एका दुकानदाराचं ऐकून दोन नंबर थंड प्लग घातले होते (थंड म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर टाकणारा, गरम म्हणजे धरून ठेवणारा), घाटात गाडी झकास पळायची पण दुसऱ्या रेल्वे गेटला दहा मिनिटं थांबलो की मिसिंग (मधेच ठिणगी चुकणं) सुरू, पावसाळ्यात तर सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. काढून बघितले तर चारही काळेकुट्ट, बोट लावलं तर काजळी हाताला. आता कंपनीनं सांगितलेल्यापेक्षा एकच नंबर थंड आहे आणि तोही चोर्ला घाटामुळं, गावातच फिरवणार असाल तर कंपनीचाच नंबर ठेवा.

आणि नंबर वाचताना घोळ करू नका. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे 6 पेक्षा 7 थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये बरोबर उलटं, आकडा वाढला की गरम. थ्रेडची लांबी पण जुन्या प्लगाशी लावून बघा, एनजीकेत एच म्हणजे 12.7 मिलिमीटर, ई म्हणजे 19, चुकून लांब बसला तर पिस्टनला लागेल.

खरं उत्तर मात्र प्लगच देतो. गोव्याकडून येताना चोर्ला तिसऱ्या गिअरमध्ये दाबून चढवा, वर सपाट रुंद जागा मागंपुढं बघून क्लच दाबा, इग्निशन बंद करा, चावी काढायची नाही, आणि बाजूला घ्या. गाडी तशीच आयडलला सोडली तर काजळी बसून सगळं खोटं दिसतं. इंजिन निवल्यावर प्लग काढून उजेडात धरा. टोकाभोवतीचं पोर्सेलीन चहासारखं तपकिरी हवं. आणि वाकवलेली पट्टी असते ना, तिच्यावर रंग बदलल्याची एक रेघ दिसते, ती वळणापाशी असली तर नंबर बरोबर, टोकाकडं असली तर प्लग फार थंड, थ्रेडकडं सरकली तर फार गरम. माझा तिसऱ्या सिलिंडरचा प्लग असा बघितला तेव्हाच माझ्या जिवाला बरं वाटलं.

पोर्सेलीन पांढरं दिसलं म्हणून लगेच थंड प्लग घ्यायला पळू नका. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतंय, त्यात ऑक्सिजन असतो त्यामुळं जुना कार्बोरेटर लीन होतो (हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं), तिथं मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) थोडा मोठा करायचा, ठिणगीचं टायमिंग बघायचं, मग प्लगाकडं वळायचं.

इरिडियमचं म्हणाल तर गॅप (ठिणगी उडते ती फट) लवकर वाढत नाही एवढा फायदा खरा, पण कार्बोरेटर रिच असेल (पेट्रोल जास्त जात असेल) तर काजळी त्यालाही धरते. मी साधाच निकेलचा वापरतोय. गॅप पॉइंट होते तेव्हा 0.6 मिलिमीटर ठेवत होतो, आता 0.8. बसवताना आधी हातानं पूर्ण फिरवा, मग नवा प्लग असेल तर पान्यानं साधारण अर्धा फेरा, जुनाच परत बसवत असाल तर अगदी थोडासाच, जास्त ओढू नका, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, थ्रेड गेले की परत उद्यमबाग.

कुणाला शंका असेल तर रविवारी सकाळी लवकर गाडी घेऊन या, इंजिन थंड असतानाच काढून बघू, प्लगपाना माझ्याकडं आहे.