बाळू उर्फ बाळासाहेब

मला बी. ए. व्हायला चार वर्षं लागली. ती पदवी माझीच आहे, हे कागदावर सिद्ध करायला जो वेळ गेला त्याने मी अभ्यासापेक्षा जास्त दमलो.

आमचं गाव सिन्नर तालुक्यात. २००९ साली बांधावरच्या भांडणात माझ्या हातातल्या फावड्याने चुलतभावाचा जीव गेला. त्यावर इथे जास्त लिहीत नाही, लिहायला गेलं की सफाई दिल्यासारखं होतं. कोर्टाने सदोष मनुष्यवध धरला, कलम ३०४ भाग २, दहा वर्षं. नाशिक रोड मध्यवर्ती कारागृह.

गावात मला सगळे बाळू म्हणतात. फिर्यादीत बाळू लिहिलं गेलं, मग आरोपपत्रात, निकालात आणि वॉरंटवरही तेच. बाळासाहेब हे नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर होतं, आणि दाखला घरच्या पत्र्याच्या पेटीत.

शिक्षा लागल्यावर सुतारकामात पडलो. मी बारावी नापास. आतल्या गुरुजींनी सांगितलं की मुक्त विद्यापीठाचं केंद्र इथेच आहे, पूर्वतयारीची परीक्षा दे, पास झालास की बी. ए.ला बसता येईल. (तेव्हा बारावी नसलेल्यांसाठी ती वाट होती.) आईने दाखला आणून दिला. गुरुजी म्हणाले, "अरे बाळू, हा कुणाचा उचलून आणलास?" दोघंही हसलो. प्रवेश दाखल्याप्रमाणे झाला आणि सोळा आकडी कायम नोंदणी क्रमांक आला. कारागृहात माझा एक नंबर होताच, त्यात हा दुसरा. सुताराच्या पेन्सिलीने तो फळीच्या मागच्या बाजूला लिहून ठेवला होता. ती फळी कुठल्या टेबलाला लागली कोण जाणे.

अभ्यास म्हणजे काय, संध्याकाळी बराक बंद झाली की सुरू. दिवे रात्रभर जळतात. झोपणाऱ्याच्या डोळ्यावर येतात, वाचणाऱ्याची सोय होते. पुस्तकात खूण म्हणून रंध्यातून निघालेली सागाची ढलपी ठेवायचो, अजूनही लोकप्रशासनाच्या पुस्तकात दोन-तीन सापडतात. गृहपाठाला वीस गुण, लेखीला ऐंशी. गृहपाठ मी बराकीतल्या तिघांचे लिहून दिले, हे आता सांगायला हरकत नाही. अक्षर चांगलं होतं. पहिल्या वर्षी इतिहासात जेमतेम पास झालो, शेवटच्या वर्षी बरे गुण पडले. २०१५ साली निकाल लागला.

पदवी मिळवली की शिक्षेत नव्वद दिवसांची विशेष माफी मिळते. खोटं कशाला बोलू, पहिल्या वर्षी मी बसलो तो त्या नव्वद दिवसांसाठीच. वाचायची गोडी नंतर लागली. माफीचा प्रस्ताव गेला आणि काही महिन्यांनी शेरा मारून परत आला: गुणपत्रकावरील विद्यार्थी व सदर बंदी एकच असल्याची खात्री करावी. कुणाची चूक म्हणावी? लोकप्रशासनाच्या पेपरात मी नोकरशाहीवर पानभर लिहिलं होतं, आता तिचा प्रयोग माझ्यावरच चालला होता.

आईने सिन्नरच्या तहसील कचेरीत चार खेपा घातल्या. पोलीस पाटलाचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, दोन साक्षीदार. साक्षीला गावातलं कुणी पटकन तयार होईना, आणि का व्हावं? शेवटी एक माझे जुने मास्तर आले आणि दुसरा आला तो चुलत्याच्याच घरातला. त्याने सही का केली ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी आईने प्रतिज्ञापत्र जाळीला लावून धरलं. तिला वाचता येत नाही. मीच आतून वाचून दाखवलं, "बाळू उर्फ बाळासाहेब ही एकच व्यक्ती असून..." ती म्हणाली, "हे सांगायला कागद कशाला लागतो रे?"

डिसेंबर २०१६ मध्ये सुटलो. नोटाबंदीचा महिना होता. सगळा नाशिक रोड बँकेच्या रांगेत उभा, आणि मला खातंच नाही. आधार कार्ड देशात सुरू झालं तेव्हा मी आत होतो, रेशनकार्डातून नाव कमी झालेलं. आधी आधार, मग खातं, मग रेशनकार्ड, यात तीन महिने गेले. आधारवर बाळासाहेब लावलं.

पदवीचा कागद आणायला गेलो तो दिवस मात्र चांगला गेला. कारागृह शहराच्या एका टोकाला, विद्यापीठ गंगापूर धरणाच्या बाजूला दुसऱ्या टोकाला. सीबीएसला, म्हणजे शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकावर, बस बदलून गोवर्धनला उतरलो. ज्या विद्यापीठाचा मी पदवीधर, ते त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. कँटीनमध्ये चहा घेतला आणि उगाच तासभर बसून राहिलो.

खरी पंचाईत पुढे झाली. एका कारखान्यात स्टोअरला जागा होती. मुलाखत झाली, कागद बघितले, म्हणाले पोलिसांचा चारित्र्य दाखला आणा. फॉर्ममध्ये एक रकाना असतो, उर्फ किंवा टोपणनाव. पेन तिथेच थांबलं. बाळासाहेबावर कुठेही गुन्हा नाही. गुन्हा बाळूवर. रकाना कोरा ठेवला असता तर कदाचित चाललंही असतं. पण तेच 'उर्फ' शपथेवर लिहून मी नव्वद दिवस घेतले होते, आईच्या चार खेपा त्यात होत्या. लिहिलं. नोकरी गेली. त्या रात्री स्वतःला भरपूर शिव्या दिल्या, मोठेपणा वगैरे काही वाटला नाही.

मग जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांकडे गेलो. सुटून आलेल्यांना धंद्यासाठी मदत मिळते, त्याचा अर्ज तिथे करायचा असतो, हे मला आत कुणी सांगितलं नव्हतं किंवा सांगितलं तेव्हा मी ऐकलं नव्हतं. सुतारकामाच्या हत्यारांचं कोटेशन जोडलं. मदत उशिरा आली, पण आली. त्यातून रंधा मशीन घेतलं. हंगामात एका द्राक्षाच्या पॅकहाउसवर हजेरी आणि हिशेब बघतो. मालकाला सगळं माहीत आहे, मीच पहिल्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "हिशेब येतो ना?"

आतून सुटलेली पोरं कधीकधी फोन करतात, पुढच्या शिक्षणाचं विचारतात. परवा एकाचा आला. बारावी पास आहे, आत असताना पहिलं वर्ष झालंय, दुसऱ्याचा फॉर्म बाहेरून भरायचाय. कुठले विषय घेऊ, म्हणाला.

म्हटलं, विषयाचं नंतर बघू. वॉरंटवर तुझं नाव काय लिहिलंय ते आधी वाचून दाखव.