मदरबोर्ड भंगारात काढताना काय सुटं करायचं: माझा अनुभव

बोर्ड समोर आला की पक्कड घेऊन सगळंच उपटायचा मोह होतो. मी प्रत्येक भागाला दोनच प्रश्न लावतो: हा राहिला तर बोर्डाची प्रत (भंगारातला दर्जा) घसरते का, आणि सुटा विकला तर बोर्डापेक्षा जास्त भाव येतो का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर त्याला हात लावत नाही.

आधी सेल. सीआर२०३२ म्हणजे नाण्यासारखा चपटा सेल असेल तर सॉकेटची क्लिप बाजूला दाबली की तो उडतो. हे सेल डब्यात तसेच टाकले तर एकमेकांना टेकून शॉर्ट होतात, म्हणून प्रत्येकाला चिकटपट्टी. ३८६-४८६ या जुन्या प्रोसेसरांच्या जमान्यातल्या अनेक बोर्डांवर सोल्डर केलेला, नळकांड्यासारखा निकेल-कॅडमियमचा सेल असतो. तो बहुधा गळलेला सापडतो. हातमोजे घालूनच कापावा.

मग हीटसिंक, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा. जुन्या, पिनवाल्या प्रोसेसरवरचा हीटसिंक सरळ वर ओढला की दोघांमधली उष्णता वाहून नेणारी, सुकलेली पेस्ट प्रोसेसरलाच सॉकेटमधून उपटते. पिना वाकतात, तुटतात, आणि सोन्याचा मुलामा तर त्यांच्यावरच असतो. आधी हलकेच डावीउजवीकडे पिळून पेस्ट सोडवायची. एलजीए ७७५ या सॉकेटपासून इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरला पिनाच नाहीत, त्या सॉकेटमध्ये असतात. ते सॉकेट बोर्डावरच राहू द्यावं.

प्रोसेसर आणि रॅम नेहमी वेगळे. जुन्या सिम (SIMM) प्रकारच्या रॅमपट्ट्यांपैकी काहींची बोटं, म्हणजे स्लॉटमध्ये बसणाऱ्या कडेवरच्या धातूच्या पट्ट्या, कथिलाची, पांढरट असतात. ती सोनेरी बोटांच्या ढिगात मिसळू नयेत.

कार्डांची सोनेरी बोटं कापायची का? माझ्या मते क्वचितच. पट्टी रुंद कापली तर नुसतं फायबरच जास्त येतं, आणि उरलेलं कार्ड खालच्या प्रतीत जातं.

चिप, स्लॉट, बारीक सिरॅमिक कपॅसिटर काढू नयेत. ते काढायला वापरतात त्या गरम हवेच्या हीट गनखाली बोर्डातल्या ब्रोमीनयुक्त रसायनांचा धूर निघतो, २००६ च्या आधीच्या सोल्डरमध्ये बहुतेकदा शिसंही असतं, आणि चिपा गेलेला बोर्ड 'सोललेला' म्हणून स्वस्तात जातो. तासाभराची मेहनत, वर तोटा.

पॉवर सप्लायचा तपकिरी बोर्ड या ढिगात नको. त्यातला वीज साठवणारा मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर भरलेला राहू शकतो, म्हणून मीटरने मोजल्याशिवाय बोट लावू नये. तांब्याच्या वायरी मुळाशी कापायच्या. ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं त्याचा फेराइटचा (ठिसूळ, काळ्या चुंबकीय पदार्थाचा) गाभा फोडून काढत बसण्याइतकं नसतं.

शेवटी लोहचुंबक फिरवतो. पोर्टांमागची पत्र्याची पट्टी आणि स्क्रू इथेच सापडतात.