पहिली वारी त्र्यंबकची

दारू सुटली की लगेच आषाढीला निघतो म्हणणारा दरवर्षी एकतरी भेटतो. त्याला आम्ही दिंडीवाले आधी पौषात त्र्यंबकच्या वारीला बोलावतो. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून पंढरपूरला जाते ती साडेतीन-चार आठवड्यांची चाल, साधारण ४५० किलोमीटर. पौष वद्य एकादशीच्या यात्रेला नाशिकहून त्र्यंबकला जायचं तर तिसेक किलोमीटर. दोन दिवसांत आरामात होतं. त्र्यंबक रोडवर कुठेही थांबलात तरी एसटी मिळते आणि तासाभरात घर. आषाढीच्या वाटेवर कर्जत-करमाळ्याच्या पुढे तब्येत बिघडली तर तिथे ना आपला डॉक्टर, ना ओळखीचं कोणी.

सर्वात मोठी चूक घरच्यांकडून होते. कालपर्यंत पिणाऱ्याला आज आणून दिंडीत घालतात. ‘माउलींच्या पायाशी सुटेल’ हा त्यामागचा भाव. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं की पहिल्याच दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. फिट येते ती बहुधा पहिल्या ४८ तासांत. दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत भ्रम होऊ शकतो: नसलेली माणसं दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो. यात जीवही जातो. दिंडीत अशी फिट आली तर कुणी कांदा हुंगवतं, कुणाला अंगात आलंय असं वाटतं, आणि मोलाचा वेळ जातो. म्हणून आमच्याकडे नियम आहे: उपचार होऊन किमान ३ महिने झालेले असावेत आणि डॉक्टरांनी ‘चाला’ म्हटलेलं असावं.

आता पाय. वर्षानुवर्षांची दारू आणि सोबत ब१ जीवनसत्त्वाची कमतरता, यामुळे तळपायाच्या नसा मंदावतात. मुंग्या येतात, किंवा काही कळतच नाही. हे दुसरं जास्त वाईट. इतरांना फोड टोचतो म्हणून ते थांबतात. याला टोचतच नाही, आणि संध्याकाळी मोजा काढला की रक्त दिसतं. तेव्हा ‘दुखलं तर बघू’ हे इथे चालत नाही. दर तासाला बसायचं, मोजे काढायचे, तळवे डोळ्यांनी बघायचे, बोटांच्या फटीसुद्धा. स्वतःला वाकता येत नसेल तर सोबत चालणाऱ्या जोडीदाराने बघावं. बूट निदान महिनाभर वापरलेले हवेत. आत पातळ आणि वर जाड असे दोन मोजे, टाचेला व्हॅसलीन. फोड आलाच तर तो फोडू नये, स्वच्छ करून पट्टी लावावी. वारीत फोडातून सुईने दोरा ओवून तो आतच ठेवायची जुनी रीत आहे. पाणी निघतं हे खरं, पण त्याच दोऱ्याने घाणही आत जाते, आणि ज्याच्या पायाला संवेदना कमी त्याला पू झालेला उशिरा कळतो. हौसेने अनवाणी चालणं तर पहिल्या वर्षी नकोच.

सराव सहा आठवडे आधी सुरू करतो. पहिल्या आठवड्यात रोज ३ किलोमीटर, मग वाढवत शेवटी एका रविवारी १५. यात्रेच्या पहिल्या दिवशी पहाटे निघून सातपूर, पिंपळगाव बहुला, बेळगाव ढगा, महिरावणी करत तळेगाव-अंजनेरीच्या आसपास मुक्काम, दुसऱ्या दिवशी उरलेलं. सातपूरचा भाग उजाडायच्या आत ओलांडतो, यात भाविकपणा काही नाही. ज्या दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या ती दुकानं तेव्हा बंद असतात.

गोळ्यांचा मुद्दा नीट समजून घ्यावा. डायसल्फिराम ही दारूपासून दूर ठेवणारी गोळी. तिच्यावर असलेल्याच्या पोटात थोडी जरी दारू गेली तरी चेहरा लाल होणं, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब घसरणं असं सगळं होऊ शकतं, आणि गोळी बंद केल्यावरही हा धोका २ आठवड्यांपर्यंत राहू शकतो. पौषातल्या थंडीत खोकला सगळ्यांनाच होतो. मायेपोटी कुणी खोकल्याचं औषध पुढे करतं, कुणी द्राक्षासव. काही कफ सिरपांत अल्कोहोल असतं, आणि आसव-अरिष्टांत तर ते आंबवण्यातच तयार होतं. आयुर्वेदिक आहे म्हणून चालेल, हे इथे लागू नाही. नाल्ट्रेक्सोन, म्हणजे तलफ कमी करणारी गोळी, घेणाऱ्याची अडचण उलटी: ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं त्याच्यावर नीट चालत नाहीत. सेवा-शिबिरातल्या डॉक्टरांना हे आधीच सांगावं लागतं. खिशात एक चिठ्ठी ठेवावी: औषधाचं नाव, मात्रा, आपल्या डॉक्टरांचा नंबर, आणि १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक.

एए (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) च्या मीटिंगांत भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टींना जपायला सांगतात. वारीत यातल्या दोन हमखास भेटतात. एकादशीचा उपवास पहिल्या वर्षी निर्जळी करू नये. दर दोन-अडीच तासांनी गूळ-शेंगदाणे, केळं, रताळं, राजगिऱ्याचा लाडू. जिला आपण तलफ समजतो ती पुष्कळदा नुसती भूक असते. आधी खाऊन, पाणी पिऊन वीस मिनिटं थांबायचं. तेवढ्यात लाट बहुधा ओसरते. नाही ओसरली तर जोडीदाराला सांगायचं. सांगणं जमत नसेल तर ‘माउली, जरा माझ्याबरोबर चला’ एवढंच म्हणायचं.

अवघड वेळ चालण्याची नसते, मुक्कामाला पोचल्यानंतरची असते. हरिपाठ संपलाय, पंगतीला अवकाश आहे, पाय सुटलेत आणि हातांना काम नाही. वर्षानुवर्षं हाच पिण्याचा वेळ होता, शरीराला तो घड्याळाशिवाय कळतो. म्हणून नव्या माणसाला याच वेळेला काम देतो: पाण्याचे ड्रम भरणं, पत्रावळ्या मांडणं, तंबूच्या खुंट्या ठोकणं. भिशीचे, म्हणजे दिंडीच्या वर्गणीचे, पैसे मात्र पहिल्या वर्षी त्याच्या हाती देत नाही. विश्वास दाखवायचा म्हणून देणारे असतात; त्यात त्याचीच परीक्षा होते. दुसऱ्या वर्षी विण्याचा पहारा द्यावा. वीणा खाली ठेवायची नसते, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. ज्याला गल्लीत बेवडा म्हणत त्याच्या पाया कुणी पडतं तेव्हा तो गांगरतो. गांगरू द्यावं, त्यावर भाषण करू नये. निवृत्तिनाथांच्या नावावर दारूनिवृत्तीचा श्लेष करणारे भेटतातच, तेवढं पुरे आहे.

दिंडीत दारू नसते, तंबाखू असते. चुना मळत अभंग म्हणणारे आहेत, मिश्री लावणाऱ्या आजी आहेत, आणि यात्रेत कुठे चिलमीचा धूरही येतो. ‘हे तर देवाचंच’ म्हणून ओढलेल्या चिलमीतही गांजाच असतो.

माळेबद्दल घाई नको. माळ म्हणजे मद्य-मांस वर्ज्य, एकादशी आणि वारी. तो शब्द आहे, औषध नव्हे. घसरणारा माणूस आधी माळ काढून खुंटीला लावतो आणि मग गुत्त्यावर जातो. एक घोट आता पाप झालेला असतो, आणि पाप लपवायला तो दिंडी टाळतो, मीटिंग टाळतो, डॉक्टरही टाळतो. एका दिवसाची घसरण महिन्यावर जाते ती अशी. वर्षभर कोरडं राहून मग माळ घालावी, आणि घालताना दिंडीचालकांना सांगून ठेवावं की पाय घसरला तरी तुमच्याकडेच येणार.

कुशावर्तात स्नान, समाधीचं दर्शन. एकादशीला रांग लांब असते, बारीत उभं राहण्याआधी खाऊन घ्यावं. मग परतीची बस. दोन दिवस चालून गेलेला रस्ता ती तासाभरात संपवते आणि नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर आणून सोडते. टाळ थांबलेले, पाय जड, ‘माउली’ म्हणणारं कुणी नाही, आणि ‘आता एवढी वारी केली’ ही बढाई मनात. घरच्यांपैकी एकाने स्टँडवर यावं. तेही जमत नसेल तर जोडीदाराने त्याला दारापर्यंत सोडून मग स्वतःच्या घरी जावं. जेवण तयार असावं. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगची वेळ बसमध्ये बसायच्या आधीच ठरवलेली असावी.