नऊ बाटल्या आणि एक मिठाची पुडी

मे महिन्यातली दुपार. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या शेडच्या माडीवर नऊ टॉवेल कारखानदार बसलेले आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं. टेबलावर नऊ बाटल्या, प्रत्येकीत कुणाच्या तरी डाईंगचं पाणी.

बोलावणं माझं होतं. फेब्रुवारीत माझा मरून टॉवेलांचा अख्खा लॉट परत आला होता. ओला टॉवेल पांढऱ्या कापडावर घासला की गुलाबी डाग. असाच माल आणखी दोन-तीन जणांचा परत आलाय, अशी कुजबुज होती. पण तोंडावर जो तो "आमच्यात सगळं बरं चाललंय की ओ" म्हणायचा. सोलापुरात टॉवेलवाले लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतात, पण डाईंगचा मास्तर कुठून आणला ते सांगत नाहीत. त्यात त्यांचं काय चुकतं? आपलं जॅकार्डचं डिझाइन आठ दिवसांत दुसऱ्याच्या मागावर निघालेलं प्रत्येकानं बघितलंय.

पहिली बैठक एप्रिलमध्ये झाली आणि ती मीच बुडवली. पुण्यात दोन दिवसांचं प्रशिक्षण करून आले होते, डोकं तापलेलं होतं. हेन्री चेसब्रो या अमेरिकी प्राध्यापकांनी 2003 मध्ये मांडलेली ओपन इनोव्हेशनची कल्पना (चांगली युक्ती कंपनीच्या भिंतीबाहेरही असते, ती आत येऊ द्या, आपली बाहेर जाऊ द्या) पीपीटी लावून समजावली. चहा संपला तशी बैठकही संपली. जाताना एक काका म्हणाले, "पोरी, सगळं बरोबर आहे तुझं. आता तुझं मोठं गिऱ्हाईक कोण ते सांग बघू." मी गप्प.

त्या गप्प बसण्यानंच मला मार्ग दाखवला. माझ्या शेडमध्ये मी सांगितलं की काम होतं. या माडीवर एकही माणूस माझ्या पगारावर नव्हता. त्यांना "उघडा" म्हणण्याआधी काय झाकलेलं राहील ते सांगायला हवं होतं. म्हणून दुसऱ्या वेळी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या: गिऱ्हाईक विचारायचं नाही. भाव विचारायचा नाही. रंगाची रेसिपी विचारायची नाही. उरलं पाणी, आणि माझा संशय त्याच्यावरच होता. त्यालाही नाव नाही, नुसता नंबर. चिठ्ठ्या आधीच उचलल्या होत्या, बाटल्या सकाळी गेटवरच्या टोपलीत येऊन पडल्या. आपला नंबर ज्याचा त्याला ठाऊक.

तपासायला इंजिनिअरिंग कॉलेजातले एक तरुण सर आले होते. पाण्यात बफर, चिमूटभर इंडिकेटर. पाणी कोकम सरबतासारखं लाल. मग ईडीटीए, म्हणजे पाण्यातल्या क्षारांना धरून ठेवणारं रसायन, थेंब थेंब. लाल, जांभळट आणि एका थेंबाला एकदम निळं. थेंब जितके जास्त, तितकं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. पहिल्या बाटलीला सगळे हाताची घडी घालून होते, चौथीपर्यंत माडीवर मोठ्यानं मोजणी चालू झाली होती. सहा नंबर संपता संपेना. तीन नंबर मात्र दोन थेंबांत निळी.

"तीन माझी," मागून एक अण्णा म्हणाले. "पाणी हलकं करायला सॉफ्टनर बसवलाय. तरी माल परत आला माझा."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हे मोठ्यानं बोललं होतं, आणि मी घाईनं विचारलं, "मग अण्णा, सोडा किती घालता तुम्ही?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अण्णा उठले, पिशवी उचलली. फळ्यावरची तिसरी ओळ मीच मोडली होती. सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकलं माझं. प्रश्न मागं घेते." मला हे जड गेलं, शेडमध्ये मी असं कधी म्हणत नाही. अण्णा बसले नाहीत, पण थांबले.

तेवढ्यात आमचे डाईंगचे मास्तर जिन्यात उभ्या उभ्याच म्हणाले, "सोडा राहू द्या. मीठ तर सगळेच घालतात की. त्याला कोण रेसिपी म्हणतंय?"

गडद रंगाला लिटरमागं 60 ते 80 ग्रॅम मीठ लागतं. माझ्याच गोदामातून पुडी मागवली. तीन नंबरच्या पाण्यात त्या मापानं मीठ विरघळवलं, परत इंडिकेटर. लाल. थेंब पडत राहिले, सहा नंबरचा आकडा मागं पडला तरी लालच. मोजणारे आवाज एकेक करून बंद झाले.

सरांनी उलगडून सांगितलं. रिॲक्टिव्ह रंगाचा काही भाग धाग्याला न जुळता पाण्याशीच जुळतो. तो नंतरच्या गरम साबणाच्या धुण्यात निघून जायला हवा. कॅल्शियम-मॅग्नेशियम असलं की तो नीट निघत नाही, टॉवेलवरच बसतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी सुटतो. कच्च्या मिठात हे दोन्ही असतात. आम्ही सॉफ्टनरवर पैसे घालून पाणी हलकं करायचं आणि पोत्यानं ते परत जड करायचं! हे एकट्या अण्णांना दिसलं नसतं, कारण त्यांचा संशय मास्तरवर होता. मलाही नाही, मी बोअरला दोष देत बसले होते.

अण्णा खाली बसले. पुढच्या महिन्यात प्रत्येकानं मिठाची पुडी आणायची ठरलं, तीही नंबर घालून. कोणीतरी "मीठ कितीला घेता?" म्हणालं आणि चार जण एकदम ओरडले, "भाव नाही!"

सगळे गेल्यावर मी बाटल्या धूत होते. एप्रिलमधले ते काका चष्मा विसरला म्हणून परत वर आले. चष्मा त्यांच्या खिशातच होता.

"सॉफ्टनर केवढ्याला पडतो गं?"

मी फळ्याकडं बोट दाखवलं. काका हसले, पण हलले नाहीत. मग मी अण्णांचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. बाटली कितवी होती ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.