यवतची पंगत आणि बेलवाडीचं रिंगण

"वारी बघायला जाऊ या" असं घरात कुणी म्हटलं की सासूबाई लगेच दुरुस्त करतात, "वारी बघत नसतात, करत असतात." त्यांनी दोनदा देहू ते पंढरपूर पायी केलंय. आता गुडघ्यांनी साथ सोडली आहे. त्यामुळे गेल्या आषाढीआधी आम्ही पाच जण, म्हणजे आई (सासूबाईंना मी आईच म्हणते), नवरा, अकरा वर्षांची थोरली, सहा वर्षांचा धाकटा आणि मी, असे गाडीत बसून तुकोबांच्या पालखीला गाठायला निघालो, तेव्हा आईंच्या तोंडावर थोडी नाराजीच होती. गाडीने वारी! त्यात माझं खरं कारण तर आणखीनच हलकं होतं. मला यवतचं पिठलं खायचं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली हा पालखी सोहळा सुरू केला. देहू, आकुर्डी, पुण्यात दोन रात्री, मग लोणी काळभोर आणि सहाव्या रात्री यवत, असा मुक्कामांचा क्रम असतो. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं हे गाव पुण्यापासून साधारण ४५ किलोमीटरवर आहे. पालखीचा मुक्काम काळभैरवनाथाच्या देवळात असतो आणि त्या रात्री सगळं गाव मिळून वारकऱ्यांना पिठलं-भाकरी जेवू घालतं. पिठलं देवळापाशी शिजतं आणि भाकऱ्या घराघरांतून येतात.

आम्ही पहिली चूक केली ती गाडी नेण्याची. पालखीच्या दिवशी सोलापूर रस्त्यावरची वाहतूक टप्प्याटप्प्याने वळवतात. आदल्या दिवशीच्या पेपरात ते सगळं छापून आलं होतं. नवऱ्याने ते वाचलंही होतं, आणि तरी "आपण सकाळीच जाऊ, काही होत नाही" म्हणाला. सकाळी खरंच काही झालं नाही. परतताना मात्र रात्री साडेअकराला आम्ही कुठल्याशा आतल्या रस्त्यावर उसाच्या दोन फडांमध्ये उभे होतो आणि फोनमधला नकाशा आम्हाला ओढ्यात घालायला निघाला होता. त्यामुळे जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: पुणे-दौंड मार्गावरच्या गाडीने जा. यवतला रेल्वे स्टेशन आहे. थांबणाऱ्या गाड्यांच्या वेळा आधी बघून ठेवा आणि स्टेशनापासून गावात चालत जायची तयारी ठेवा. बरोबर म्हातारं माणूस असेल आणि गाडीला पर्यायच नसेल, तर सकाळी दहाच्या आत गावात पोचा आणि रात्री परत यायचा हट्ट धरू नका.

सकाळीच पोचण्याचं दुसरं कारण म्हणजे स्वयंपाक. बहुतेक लोक संध्याकाळी पालखीबरोबर येतात आणि त्यांना फक्त वाढलेलं पिठलं दिसतं. आम्ही पोचलो तेव्हा लसूण सोलणं चालू होतं. पाचपन्नास माणसं ताडपत्रीवर मांडी घालून बसली होती आणि वाऱ्याबरोबर लसणाची सालं उडत होती. आईंनी विचारलंसुद्धा नाही, सरळ जागा करून बसल्या. पाठोपाठ थोरलीही बसली. दुपारनंतर कढया चढल्या. घरच्या स्वयंपाकाचा कुठलाच अंदाज तिथे चालत नाही. तेलात मोहरी तडतडली, की सुपाने लसूण आणि घमेल्याने मिरचीचा ठेचा पडतो आणि सगळं आवार एकदम खोकायला लागतं. बेसन आधीच पिंपात पाण्यात कालवून ठेवलेलं असतं. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ पेरलं तर एवढ्या मोठ्या कढईत गुठळ्या कोण मोडत बसणार? मग दोन गडी लांब दांड्याच्या उलथण्यांनी सारखे ढवळत राहतात. पिठलं रटरटायला लागलं की त्याचे चटके हातापर्यंत उडतात, म्हणून त्यांनी हातांना ओली फडकी गुंडाळली होती. धाकट्याला ही युक्ती फार आवडली. तेव्हापासून तो घरी वरण ढवळतानाही हाताला टॉवेल गुंडाळतो.

भाकऱ्यांचं मात्र कुणी एक ठिकाण नाही. तिसऱ्या प्रहरी गल्लीगल्लीतून बाया डोक्यावर पाट्या, पाट्यांवर धुतलेली लुगडी झाकून देवळाकडे यायला लागल्या. कुणाच्या पन्नास, कुणाच्या शंभर. ज्वारीच्या पांढऱ्या, बाजरीच्या काळसर, काही पापुद्रा सुटलेल्या, काही जाड. सगळ्या एकाच चवडीत जातात. आपली कुठली, शेजारणीची कुठली, हे दहा मिनिटांनी ओळखू येत नाही. मला ते बघताना फार बरं वाटलं. का, ते नेमकं सांगता येणार नाही.

पालखी आली तेव्हा अंधारायला आलं होतं. टाळांचा आवाज आधी आला, मग पताका दिसल्या, आणि मग रस्त्याला रस्ता राहिला नाही. पंगती बसल्या. खरं तर पंगत म्हणजे जिथे जागा मिळेल तिथे टेकणं. काहींच्या हातात ताटली होती, काहींनी भाकरीच हातावर धरून वर पिठलं घेतलं. इथे आमची पंचाईत झाली. सकाळपासून ज्या वासाने भूक चाळवली होती ते समोर होतं, पण हे लोक लोणीहून चालत आले होते आणि आम्ही गाडीतून उतरलो होतो. मी धाकट्याला "आपण नंतर ढाब्यावर खाऊ" असं समजावत होते. तेवढ्यात पिठल्याची बादली घेऊन चाललेल्या एका मावशींनी ती बादलीच नवऱ्याच्या हातात दिली. "माऊली, उभं काय ऱ्हायलाय? वाढा की." नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा पंगत वाढली. थोरलीने पाणी वाढलं, मी कांदा फोडून देत राहिले. तासाभराने त्याच मावशींनी आम्हाला धरून शेवटच्या पंगतीला बसवलं.

तेव्हा, जेवायचं की नाही या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. जेवा, पण शेवटी जेवा, आणि त्याआधी हाताला काहीतरी काम घ्या. पैसे द्यायला गेलात तर गावकरी हसून नाही म्हणतात आणि आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. त्यापेक्षा सकाळी आल्याबरोबर देवळापाशी विचारून बेसन, तेल नाहीतर कांद्याचं पोतं जमा करावं. स्वतःची ताटली आणि पेला न्यावा, कारण पत्रावळींचा ढीग कमी झाला तेवढाच बरा. आणि जेवताना शेजारच्या वारकऱ्याचे फोटो काढू नयेत. मी काढला होता. त्या आजोबांनी काही न बोलता तोंड फिरवलं, तेव्हा माझं मलाच कळलं.

चव कशी होती? झणझणीत, थोडी धुरकट, मीठ जरासं पुढे. घरी चार वेळा करून बघितलं, ती चव आली नाही. आईंच्या मते सकाळपासून उपाशी राहून केलं तर येईल.

यवतहून पुढे पालखी वरवंडला जाते आणि नंतर पाटसजवळचा रोटी घाट चढते. रथाला जादा बैलजोड्या लावून तो चढवतात. तो आमचा हुकला, कारण मुलांची शाळा नुकतीच सुरू झाली होती. आम्ही पुन्हा गाठलं ते बारामतीला, जिथे नवऱ्याच्या आत्या राहतात. तुमचं तिथे कुणी नसेल तर लॉजची खोली महिनाभर आधी धरा, आयत्या वेळी मिळणं कठीण. आत्याबाईंकडे हुलग्याची शेंगोळी, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी होती. शेंगोळी म्हणजे हुलग्याच्या पिठाची बोटाएवढी वळी करून लसणाच्या रश्शात शिजवायची. पावसाळी गारव्यात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. धाकट्याने "हे पास्तासारखं आहे" म्हणून तीन वाट्या संपवल्या, आणि आत्याबाईंनी त्या शब्दाबद्दल त्याला माफ केलं.

दुसऱ्या दिवशी काटेवाडी. बारामती-इंदापूर रस्त्यावर बारामतीपासून दहाएक किलोमीटरवर हे गाव आहे आणि पालखी तिथे दुपारच्या सुमाराला येते. इथे आधी परीट समाजाची मंडळी रस्त्यावर धोतरं अंथरतात आणि पालखी त्या पायघड्यांवरून जाते. ते फार झटकन होतं, जागा धरली नसेल तर दिसतच नाही. मग मेंढ्यांचं रिंगण. धनगर आपली मेंढरं घेऊन येतात आणि कळपच्या कळप रथाभोवती धावत फिरतो. मेंढरांना वर्षभर रोगराई होत नाही, असं शेजारी उभे असलेले एक काका सांगत होते. मेंढरं मात्र देवाधर्माच्या विचारात दिसत नव्हती. पुढची जिकडे पळेल तिकडे मागच्या. त्यातलं एक चुकार कोकरू थेट आमच्या पायांत घुसलं, धाकटा किंचाळला आणि नंतर दिवसभर "मला मेंढीने हात लावला" म्हणून सांगत फिरला.

त्या रात्री पालखीचा मुक्काम सणसरला असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेलवाडीला या सोहळ्यातलं पहिलं गोल रिंगण. आम्ही बारामतीहून पहाटे पाचला निघालो. सहाच्या आत पोचणं महत्त्वाचं आहे, कारण नंतर गाड्या फार लांब थोपवतात. आम्ही गाडी एका शेतात लावली आणि रात्रीच्या पावसाने ती पुढच्या चाकांपर्यंत रुतली. शेतमालकाने ट्रॅक्टरने ओढून काढली, पैसे घेतले नाहीत, पण चार शब्द सुनावले. बरोबरच होतं, त्याची पेरणीची जमीन तुडवली गेली होती. गाडी डांबरी किंवा मुरमाच्या जागेवरच लावा, भले दोन किलोमीटर चालावं लागलं तरी चालेल.

रिंगणात माणसं आधीच गोल करून बसलेली असतात. पालखी मधोमध आणून ठेवतात, भोवती दिंड्या उभ्या राहतात, मधली धावायची वाट मोकळी. पहिल्यांदा पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळशीवृंदावन आणि हंडे घेतलेल्या बाया, मग विणेकरी, मग टाळ-पखवाजवाले. साठी उलटलेली माणसं, धोतराचा काचा मारून, चिखलात, घसरत, हसत. डोक्यावर वृंदावन सांभाळत धावणाऱ्या एका आजींकडे बोट दाखवून आई म्हणाल्या, "मीपण धावले होते. माझं पडलं होतं." एवढ्या वर्षांत ही गोष्ट आम्हाला पहिल्यांदा कळली. शेवटी अश्व. पखवाजाचा ठेका वाढत जातो, "ज्ञानबा तुकाराम" चढतं आणि घोडे वाऱ्यासारखे निघतात. सगळं मिळून काही मिनिटांचा खेळ. घोडे थांबले की टापांखालची माती कपाळाला लावायला एकच झुंबड उडते. मुलांना घेऊन त्या झुंबडीत अजिबात जाऊ नका. दहा मिनिटं थांबलात तर माती तिथेच असते. आम्ही थांबलो, आणि नंतर रिकाम्या झालेल्या मैदानात आईंनी निवांत वाकून चिमूटभर माती उचलली. फुगड्या सुरू झाल्या होत्या. थोरली एका अनोळखी काकूंबरोबर फुगडी खेळून आली आणि तिच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांचं काय झालं ते मी लिहीत नाही. साध्या रबरी चपला किंवा सँडल घाला.

अजून दोन गोष्टी. मुलांच्या खिशात नाव आणि आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, कारण गर्दीत फोन लागत नाही. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं तेही आधी ठरवून ठेवा, आणि त्यासाठी देऊळ किंवा पाण्याची टाकी अशी न हलणारी खूण घ्या. आम्ही "त्या निळ्या ट्रकजवळ" ठरवलं होतं, आणि ट्रक दिंडीबरोबर पुढे निघून गेला. बायकांसाठी म्हणून सांगते, फिरती शौचालयं असतात पण रांग लांब असते, तेव्हा पहाटे मुक्कामावरून निघतानाच सोय बघा. पालखीचं वेळापत्रक दरवर्षी प्रस्थानाच्या आधी जाहीर होतं. तिथीच्या घटवाढीने एखादा दिवस इकडेतिकडे होतो, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखांवरून सुट्टी टाकू नका.

परतताना पालखी पुढे गेल्यामुळे इंदापूरकडचा रस्ता भरला होता, म्हणून बारामतीला मागे येऊन भिगवणमार्गे पुणं गाठलं. भिगवणला दोन्ही बाजूंना मासळीच्या थाळ्यांच्या पाट्या. नवऱ्याने गाडीचा वेग कमी केला, आरशातून मागे आईंकडे पाहिलं, आईंनी गळ्यातली तुळशीची माळ नुसती सारखी केली. वेग पुन्हा वाढला.

यवतच्या त्या मावशींचा निरोप घेताना मी म्हटलं होतं, पुढच्या वर्षी पिठलं खायला नक्की येऊ. त्या म्हणाल्या, "खायला कशाला, भाकरी थापायला ये. दुपारी बाराला चूल पेटते आमची." मला पोळ्या येतात, ज्वारीची भाकरी थापता येत नाही. काठवटीवरून उचलताना मोडते. सध्या आमच्याकडे दर रविवारी मोडक्या भाकऱ्या असतात आणि आई त्या दुधात कुस्करून खातात.