तेल सांडलं मुंबईत, फोन वाजले नाशिकला

७ ऑगस्ट २०१०, शनिवार. मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रामधून सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं. दुसऱ्या दिवशी गटारीचा रविवार! नाशिकमध्ये आमची मालवणी खानावळ. सकाळपासून फोनवर एकच विचारणा, "वहिनी, मासे खायचे ना?"

"बिनधास्त या" म्हणणं सोपं होतं. पण कशाच्या जोरावर? आधी मुंबईच्या व्यापाऱ्याला गाठलं. पावसाळी बंदीमुळे ट्रॉलर किनाऱ्यालाच होते; आमची सुरमई शीतगृहातली, तेल सांडण्याआधीची. तिची चिंता मिटली. घोर होता तो खाडीच्या मालाचा.

आमच्याकडे जेवायला येणाऱ्या रसायनशास्त्राच्या एका सरांनी नीट उलगडून सांगितलं. तेलातली काही घातक द्रव्यं, पीएएच म्हणतात त्यांना, माशाच्या यकृतात बऱ्यापैकी लवकर मोडतात. खेकडे-कोळंबीला जास्त वेळ लागतो. तिसऱ्या आणि कालवं सगळ्यांत वाईट: पाणी गाळूनच ती पोट भरतात आणि आत गेलेलं तेल बरेच दिवस अंगात ठेवतात.

वासाची परीक्षाही त्यांनीच शिकवली. तुकडा मीठ-मसाल्याशिवाय झाकण ठेवून वाफवायचा, झाकण काढताक्षणी हुंगायचा. रॉकेलसारखा दर्प आला की फेकायचा. सासूबाई नाक खुपसून हुंगायच्या, मग मान हलवायच्या. पण वास नाही म्हणजे धोका नाही, असं नव्हे. ती खात्री प्रयोगशाळेतच होते, आणि प्रत्येक टोपलीची तपासणी खानावळीला कुठली परवडायला! म्हणून ठरवलं, शंकेचा माल घ्यायचाच नाही.

यांना फळ्यावर "आमचे मासे १०० टक्के सुरक्षित" लिहायचं होतं. मी हाणून पाडलं. असं सगळेच लिहितात. मी लिहिलं: "सुरमई – शीतगृहातली, ७ तारखेआधीची. तिसऱ्या, कालवं, खेकडे – सध्या बंद." लोक थांबून वाचायचे, उलट प्रश्न विचारायचे, आणि बहुतेक जण आत यायचे. एक आजोबा म्हणाले, "गंगापूर धरणाचा रोहू करा की!" आमच्या मालवणी आचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मग श्रावण लागला, धंदा तसाही बसला. नारळी पौर्णिमेनंतर ताजी मासळी सुरू झाली, तेव्हा फळ्यावर प्रत्येक माशापुढे बंदराचं नाव लिहू लागले. तिसऱ्या मात्र दिवाळीपर्यंत आणल्या नाहीत. दलाल "मालवणच्या आहेत" म्हणायचा. कुठल्या खाडीच्या, ते त्याला कधीच सांगता आलं नाही.