बर्डी ते जुम्मा दरवाजा: १८१७ च्या लढाईच्या वाटेवर एक दिवस

सीताबर्डीची लढाई शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपते: २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७, आप्पासाहेब भोसले हरले, इंग्रज जिंकले. पण त्यानंतर नागपूर शहर इंग्रजांच्या हाती यायला पुढचा महिनाभर लागला, आणि त्या महिन्यात त्यांनी एक सपशेल मारही खाल्ला. तो जिथे खाल्ला, त्या दरवाजातून आज रोज हजारो स्कूटर जातात. बर्डीची टेकडी एवढंच बघून परतणाऱ्याची गोष्ट अर्धीच राहते. म्हणून ही फेरी बर्डीत सुरू करून महाल या जुन्या नागपूरच्या भागात संपवायची.

तारीख आधी ठरवा. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सर्वसामान्यांसाठी वर्षातून तीनच दिवस उघडतो: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. यातली २६ जानेवारी सगळ्यात सोयीची. एक मेला नागपूरचं ऊन म्हणजे काय हे नागपूरकराला सांगायला नको. जायचंच असेल तर दहाच्या आत उतरून या. पंधरा ऑगस्टला चढावावरचा दगड निसरडा असतो. ओळखपत्र जवळ ठेवा, पिशवी लहान ठेवा, आणि जवान ‘इथे फोटो नको’ म्हणाला की फोन खिशात. उघडण्याची वेळ आदल्या दिवशीच्या स्थानिक वर्तमानपत्रात येते. गर्दी अकरानंतर वाढते आणि मग रांगेतच तास जातो.

सुरुवात मात्र किल्ल्यावरून करू नका. मेट्रोने ‘झिरो माइल फ्रीडम पार्क’ स्थानकावर उतरा. आधी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खाऊन घ्या, कारण पुढे दुपारपर्यंत धड काही मिळत नाही. याच मैदानावर २०१९ मध्ये खोदकाम करताना जुन्या तोफा जमिनीतून निघाल्या होत्या. तिथून वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्थेकडे चला. जुने लोक तिला अजून मॉरिस कॉलेजच म्हणतात. हे तेव्हा इंग्रज रेसिडेंटचं, म्हणजे भोसल्यांच्या दरबारी नेमलेल्या इंग्रज प्रतिनिधीचं ठाणं, रेसिडेन्सी. १८१७ मध्ये रिचर्ड जेनकिन्स रेसिडेंट होता. संस्था चालू असते, तेव्हा फाटकावर विचारूनच आत जा. बाहेरून पाहिलं तरी काम भागतं. इथे उभं राहून पूर्वेकडे टेकडी पाहायची आणि टेकडीपलीकडे भोसल्यांचं शहर होतं हे ध्यानात घ्यायचं. एवढं डोक्यात बसलं की लढाई आपोआप उलगडते. टेकडी ज्याच्या हाती, त्याच्या तोफेच्या टप्प्यात रेसिडेन्सी.

झिरो माइलचा खांब वाटेतच आहे. इथे गर्दी फोटो काढते आणि ‘भारताचा मध्यबिंदू’ म्हणून निघून जाते. तसा तो नाही. १९०७ मधल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामातली ही खूण, आणि शेजारचा ठेंगणा दगड हा उंची मोजण्याचा प्रमाण दगड. चौथऱ्यावरची अंतरं वाचा: जबलपूर १७० मैल, हैदराबाद ३१८ मैल. चार घोडे वगैरे नंतरची सजावट. इथून जवळच गोवारी स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. दोन मिनिटं तिथेही थांबा.

आता किल्ला. पहिली गोष्ट: लढाई झाली तेव्हा इथे किल्ला नव्हता. आप्पासाहेबांनी तो बांधला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं, पण टेकडीवर तटबंदी करायची मुभा इंग्रजांना मिळाली ती हरल्यावर, जानेवारी १८१८ च्या करारात. लढाईच्या रात्री इथे उघडा खडक होता. एक मोठी टेकडी, उत्तरेला एक लहान आणि ठेंगणी टेकडी, मध्ये दोघींना जोडणारा अरुंद कणा. इंग्रजांकडे कर्नल स्कॉटच्या हाताखाली जेमतेम तेराशे-चौदाशे माणसं, बहुतेक मद्रासी पलटणींची. समोर भोसल्यांचे सुमारे अठरा हजार, त्यात तीन-चार हजार भाडोत्री अरब शिपाई आणि छत्तीस तोफा.

वर चढल्यावर उत्तरेच्या टोकाकडे तोंड करून उभे राहा. २६ च्या संध्याकाळी सुरू झालेला मारा मध्यरात्र उलटेपर्यंत चालला. लहान टेकडीच्या पायथ्याशी तेव्हा वस्ती होती, घरांच्या आडून अरब अगदी जवळ येऊ शकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे एक दारूगोळ्याची गाडी उडाली, गोंधळ झाला आणि त्या गोंधळात अरबांनी लहान टेकडी घेतली. आता तिच्यावरच्या तोफा मोठ्या टेकडीवर वळल्या. इंग्रजांचा पराभव इथून फार तर तासा-दोन तासांवर होता.

मग पश्चिमेकडे वळून रेसिडेन्सीच्या बाजूचं सपाट मैदान शोधा. आता तिथे इमारती आणि उड्डाणपूल आहेत. बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या घेऊन कॅप्टन फिट्झजेराल्ड तिथे उभा होता. हल्ल्याची परवानगी त्याने मागितली ती मिळेना, शेवटी करायचंच तर स्वतःच्या जोखमीवर कर असा निरोप आला, आणि तो निघाला. भोसल्यांचे घोडेस्वार उधळले, तोफा हातच्या गेल्या. हे टेकडीवरून दिसताच शिपायांना जोर आला आणि लहान टेकडी परत घेतली गेली. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. इंग्रजांकडचे ठार आणि जखमी मिळून साडेतीनशेच्या वर, म्हणजे चारातला एक. रेसिडेंटचा मदतनीस जॉर्ज सोदेबी मेला. रघुजी भोसले पहिले यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या ज्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने परत मिळवली, तो लिलाव करणाऱ्यांचं नावही सोदेबीच, निव्वळ योगायोग.

किल्ल्यात इंग्रज सैनिकांच्या कबरी, पंचम जॉर्ज इथे येऊन गेल्याचा स्तंभ आणि नौगज अली बाबांचा दर्गा आहे. दर्ग्याची गाठ लोक १८५७ च्या उठावात इंग्रजांनी दिलेल्या फाशीच्या शिक्षांशी घालतात. रांग असेल तर स्तंभ सोडा, कबरी बघा.

खाली उतरून मेट्रोने कॉटन मार्केट गाठा आणि तिथून गांधीसागरच्या काठाने महालाकडे चालत जा. हा तलाव, जुना जुम्मा तलाव, गोंड राजा चांद सुलतानच्या काळचा. दुपारी या रस्त्याला सावली कमी, तेव्हा पाण्याची बाटली बर्डीतच भरून घ्या. काठ संपून महाल लागला की गांधी गेट.

हाच जुम्मा दरवाजा. १६ डिसेंबरला जनरल डव्हटनच्या फौजेने सक्करदऱ्याकडे भोसल्यांची सेना मोडली, आप्पासाहेब त्याआधीच इंग्रजांच्या हाती गेले होते. पण अरबांनी शहर सोडायला नकार दिला. इंग्रजांकडे वेढ्याच्या मोठ्या तोफा नव्हत्या, तरी मैदानी तोफांनी इथे भगदाड पाडलं आणि २४ डिसेंबरला हल्ला केला. तो फसला. का फसला हे कमानीखालून आत शिरून मागे वळून पाहिलं की कळतं: भिंत फोडून आत आलं तरी समोर गल्ल्या आणि घरं, आणि प्रत्येक घरात बंदूकवाला. या वेढ्यात इंग्रजांची ठार आणि जखमी मिळून अडीचशेहून जास्त माणसं पडली. शेवटी इंग्रजांनी वाटाघाट केली. अरब ३० डिसेंबरला बायकापोरं आणि हत्यारांसह, वर पन्नास हजार रुपये घेऊन बाहेर पडले. हरलेल्यांना असा निरोप क्वचित मिळतो. कमानीजवळ रहदारी फार आहे. सकाळी आठच्या आत किंवा रविवारी दुपारी आलात तरच नीट उभं राहता येईल, आणि रस्त्यात उभं राहून वर बघत बसू नका.

इथून आत किल्ला रोडला गोंड राजांचा किल्ला. १७०२ च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शाहने नागपूर वसवलं, आणि १७४३ मध्ये सत्ता रघुजी भोसल्यांकडे गेली तरी गोंड राजाला त्यांनी गादीवर ठेवलं. भोसले गादीवर बसताना कपाळी टिळा लावायचा मान गोंड राजाचा असे. महालात भोसल्यांची नावं जागोजागी दिसतात, ही गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. किल्ला आणि भोसल्यांचे वाडे खाजगी आहेत, लोक राहतात. विचारल्याशिवाय अंगणात पाय टाकू नका.

तीन तारखांपैकी एकही जमत नसेल तर बर्डी बाहेरून पाहून अर्धा दिवस महालाला द्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र येऊ नका, किंवा फक्त मारबत, म्हणजे मिरवणुकीने नेऊन जाळायचा मोठा पुतळा, बघायलाच या, कारण इतवारी-महाल दुपारपर्यंत बंदच असतं. १८८१ पासून निघणारी काळी मारबत बाकाबाईंच्या फितुरीची आठवण म्हणून सांगितली जाते. बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघुजींच्या पत्नी. १८५७ मध्ये त्या इंग्रजांच्या बाजूने राहिल्या हे खरं. पण १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारल्यावर राज्य खालसा झालं, तेव्हा त्याविरुद्ध दाद मागणाऱ्यांतही त्याच होत्या. मिरवणूक पाहायची असेल तर नेहरू पुतळा चौकात काळी आणि पिवळी अशा दोन्ही मारबती भेटतात, तिथे दहाच्या आत जागा धरा आणि गाडी सेंट्रल अव्हेन्यूच्या अलीकडेच सोडा.